टाके भरेपर्यंतची भाकरी

नांदेड-लातूरच्या मोंढ्यात पोती वाहणाऱ्या हमालाला अंतर्गळाचा विकार जडला, तर शस्त्रक्रियेचा खर्च आज त्याच्यापुढील एकमेव प्रश्न राहिलेला नाही. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती लातूरसह राज्यभर पोहोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि दीड लाखांची मूळ मर्यादा पुढे पाच लाखांवर गेली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु ही योजना रुग्णालयाचे देयक भागवते. रुग्णाची बुडालेली मजुरी नव्हे. काही आठवडे ओझे उचलू नये, असे डॉक्टर बजावतात. पोत्यामागे मजुरी मिळणाऱ्याच्या घरी याचा अर्थ काही आठवडे चूल बंद, एवढाच होतो. मग तो टाके पुरते भरण्याआधी कामावर जातो, नाही तर उचल घेतो, नाही तर शस्त्रक्रियाच लांबवतो. अंतर्गळात आतडे अडकले की हीच दिरंगाई प्राणावर बेतते.

१९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विम्यात मात्र पात्र कामगाराला आजारपणात सत्तर टक्के वेतन वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. व्याधी एकच, शस्त्रक्रियाही एकच. तरीही विश्रांतीचा अधिकार एकाला आहे, दुसऱ्याला नाही.

विश्रांती परवडेनाशी झाली की काय घडते, हे लातूरच्या शेजारी बीडमध्ये दिसले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे कारणे अनेक असली, तरी कामाचा खाडा आणि त्यापायी होणारी कपात यांची धास्ती हे त्यांतील एक होते.

औषधोपचार आणि आजारपणातील उत्पन्न या सामाजिक सुरक्षेच्या दोन स्वतंत्र शाखा आहेत, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ मध्येच मान्य केले. आंध्र प्रदेशाने डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीसाठी दररोज २२५ रुपये, महिन्याला कमाल पाच हजार, देण्यास प्रारंभ केला होता. महाराष्ट्रालाही हे अशक्य नाही. रुग्णाची ओळख आणि शस्त्रक्रियेची नोंद योजनेच्या दप्तरी असतेच. डॉक्टरांनी सांगितलेल्या विश्रांतीच्या दिवसांचे किमान वेतन त्या नोंदीला जोडावे. रोजगार हमीचा कायदा ज्या राज्याने देशात प्रथम केला, त्याने श्रमिकाच्या सक्तीच्या विश्रांतीचीही हमी घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.