पाणवठ्यावरचा खबऱ्या

जेमतेम विटेएवढी पेटी. झाडाच्या बुंध्याला पट्ट्यानं आवळलेली, रंग सालीशी मिळताजुळता. वर भिंग आणि त्याच्याखाली दुधी प्लास्टिकची एक टिकली. खरी करामत त्या टिकलीमागं आहे. समोरून गरम अंगाचं काही सरकलं, की उष्णतेतला तेवढा फरक तिला कळतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या सुमारास फोटो निघतो. रात्री ही पेटी आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकते. खुराक काय, तर पेन्सिल सेल. तेवढ्यावर ती महिनोन्‌महिने जागी राहते. ताडोबात वाघ मोजायला लावतात ते कॅमेरे याच जातीचे.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यानं १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामी या पेटीला बंदी केली. शिकारीला नव्हे, बंदुकीलाही नव्हे. पेटीला.

कारण पाणी. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेचा मुलूख इतका कोरडा, की राज्याचं वन्यजीव खातंच जनावरांसाठी पावसाचं पाणी धरणारी टाकी बांधतं आणि दुष्काळात टँकरनं भरतं. (टँकरची वाट बघणं काय असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.) या भागातलं म्यूल डीअर, म्हणजे खेचरासारख्या लांब कानांचं हरीण, शिंगांसाठी प्रसिद्ध. शिकारीचा परवाना सोडतीत निघतो आणि त्यासाठी लोक वर्षानुवर्षं अर्ज भरत राहतात. लिलावातला परवाना लाखो डॉलरला जातो. एवढं मोल असलेलं जनावर कुठं ना कुठं पाणी पिणारच. मग एकेका टाक्याभोवती डझनावारी कॅमेरे लागले. त्यांतले फोटो काढून न्यायला मालकांच्या गाड्यांची ये-जा सुरू झाली आणि ऐन उन्हाळ्यात तहानलेलं जनावर बुजून माघारी फिरू लागलं. २०२१ मध्ये राज्याच्या आयोगानं मत घेतलं. पाचही सदस्य बंदीच्या बाजूनं.

मला थक्क करते ती या पेटीची कुळकथा. जॉर्ज शायरस हा पेनसिल्व्हेनियातला वकील, काही काळ अमेरिकेच्या संसदेतही होता. तरुणपणी सुपीरियर सरोवराच्या परिसरात तो तिथल्या आदिवासींच्या रीतीनं शिकार करी: रात्री होडीच्या नाळेवर दिवा ठेवायचा, काठावरचं हरीण दिपून उभं राहिलं की बार काढायचा. पुढं त्यानं होडी तीच ठेवली, दिवाही ठेवला, आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. मग आणखी एक युक्ती काढली. वाटेवर तार ताणायची. जनावराचा धक्का लागला की भपकन उजेड आणि फोटो. जनावर स्वतःच स्वतःचा फोटो काढणार! १९०६ च्या जुलैत नॅशनल जिओग्राफिक मासिकानं त्याचे ७४ फोटो छापले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं १९२० च्या दशकात शिवालिकच्या जंगलांत अशाच तारेनं वाघ टिपले. म्हणजे ही पेटी जन्मली ती बंदुकीला पर्याय म्हणून, आणि शंभर वर्षांनी बंदुकीचीच खबरी झाली.

जनावराला निसटायची खरीखुरी संधी असावी, या विचाराला अमेरिकन शिकारी ‘फेअर चेस’ म्हणतात. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबानं तो रुजवला. पण संधी मोजायची कशी? उत्तरं मोठी मजेशीर आहेत. अलास्कात छोट्या विमानातून उडालात, तर बहुतेक मोठ्या जनावरांवर दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत गोळी झाडता येत नाही. वरून हेरलेलं जनावर तेवढ्या वेळात कुठल्या कुठं जावं, हा हिशेब. आयडाहोत बंदूक दुर्बीण-पट्ट्यासकट १६ पौंडांहून, म्हणजे सव्वासात किलोंहून, जड असून चालत नाही. तिथं ठासणीच्या बंदुकीचे वेगळे हंगाम आहेत आणि त्यांत दुर्बिणीला मनाई.

वजनाचा काय संबंध? लांबच्या नेमाच्या बंदुका जड असतात. हजार वारांवरचं हरीण घ्या. लेझरची तिरीप तिथं जाऊन परत यायला साधारण सहा मायक्रोसेकंद लागतात, आणि अंतर दुर्बिणीत उमटतं. गोळीला मात्र तेवढं जायला दीडेक सेकंद लागतो, आणि तोवर ती दोन मजल्यांहून जास्त खाली उतरलेली असते. तो उतार यंत्र अचूक सांगतं. पण त्या दीड सेकंदात हरणानं एक पाऊल पुढं टाकलं, तर छातीवर धरलेला नेम पोटात बसतो. ते पाऊल कुठल्याच यंत्राला आधी कळत नाही.

कॅमेराबंदीच्या विरोधकांचं म्हणणं टाकाऊ नाही. कॅमेऱ्यामुळं म्हातारा नर नेमका ओळखता येतो, तरणे वाचतात, असं ते म्हणतात. आणि हा कॅमेरा शिकारीसाठी की नुसत्या हौसेसाठी, हे रानात ठरवणार कोण? तरीही मला ॲरिझोनाचं पटतं. हत्यार सुधारलं तरी माणसाला जनावरापर्यंत जावं लागतं, माग काढावा लागतो, वारा बघावा लागतो. खबर फुकट मिळाली की उरतो तो फक्त चाप.

आणि यात आपण मागं नव्हतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं मूळ कलम १७ काढून वाचा. परवाना घेऊन शिकार करता येत होती तेव्हाचं ते कलम. वाहनातून शिकार नको, विमानातून नको, जाळी-फासे नकोत, कृत्रिम उजेड नको, रात्रीची नको. आणि त्याच यादीत, ॲरिझोनाच्या पन्नास वर्षं आधी: पाणवठ्यावर, जनावरं मीठ चाटायला येतात त्या जागी किंवा तिकडं जाणाऱ्या वाटेवर शिकार नको, सूट फक्त पाणपक्ष्यांच्या आणि भाट तितरांच्या शिकारीला.

१९९१ च्या दुरुस्तीनं हौशी शिकारीचे परवानेच बंद झाले आणि कलम १७ कायद्यातून वगळलं गेलं. आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं लोकांना पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसवतं, ते हातात वही-पेन्सिल देऊन.