चाकांवरची घरे

युरोप खंडाच्या उत्तर टोकास नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड हे देश एकमेकांस लागून आहेत. त्यांचा उत्तरेकडील मुलूख विस्तीर्ण, पण वस्ती अगदी विरळ. अशा प्रदेशात हिंडण्यासाठी उन्हाळ्यात पुष्कळ कुटुंबे मोटारहोम घेऊन निघतात. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. दिवसा बसावयाचा बाक रात्री बिछाना होतो. एका कोपऱ्यात गॅसची शेगडी असते. पिण्याच्या पाण्याची टाकी निराळी आणि सांडपाण्याची निराळी. हे सांडपाणी वाटेल तेथे ओतता येत नाही. त्यासाठी ठरवून दिलेली जागा गाठावी लागते.

स्वीडनमधील योकमोक या गावाच्या थोडे अलीकडे रस्ता उत्तर ध्रुववृत्त ओलांडतो. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे उन्हाळ्यात तिचा उत्तर भाग सूर्याकडे झुकतो आणि या रेषेपलीकडे काही दिवस सूर्य मावळतच नाही. जसजसे उत्तरेस जावे, तसतशी या दिवसांची संख्या वाढते. मध्यरात्रीही उजेडात पुस्तक वाचता येते. लहान मुलांस झोपवावे कसे, हा मोटारहोममधील आईबापांपुढील मोठाच प्रश्न असतो! खिडक्यांना जाड पडदे लावून त्यांना खोटी रात्र करावी लागते.

या मुलखातील पहिला रेनडिअर बहुधा रस्त्याच्या मधोमधच भेटतो. उन्हाळ्यात डास आणि माश्या यांनी हे प्राणी हैराण होतात व वारा लागावा म्हणून मोकळ्या रस्त्यावर येऊन उभे राहतात. वाहनचालकाने गाडी थांबवावी आणि वाट पाहावी, हेच बरे. हे प्राणी रानात मोकळे हिंडत असले, तरी बेवारशी नाहीत. प्रत्येकाच्या कानाला मालकाच्या खुणेचे खाचे पाडलेले असतात. हे मालक म्हणजे या भूमीचे प्राचीन रहिवासी, सामी लोक. रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून जे खातो, ते आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्याच वर्गातले असते. हिवाळ्यात त्याला अरण्य लागते आणि उन्हाळ्यात डोंगर किंवा समुद्रकिनारा. म्हणून पूर्वी सामी कुटुंबे कळपामागून तंबू घेऊन चालत. आता ते पक्क्या घरांत राहतात, पुष्कळांनी दुसरे व्यवसायही पत्करले आहेत. परंतु जे कळप राखतात, त्यांना वर्षातून दोनदा तीच जुनी वाट धरावी लागते.

योकमोकहून आणखी उत्तरेस गेले म्हणजे किरुना हे शहर लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडाच्या खाणीसाठीच ते वसविले गेले. तेथील खनिजाचा थर तिरपा असून तो शहराच्या पोटात शिरला आहे. खनिज जसजसे खोलवरून काढले, तसतशी वरची जमीन खचू लागली आणि भेगा घरांच्या रोखाने सरकू लागल्या. आता खाण बंद करावी, की शहर हलवावे? खाण गेली, तर शहराचे पोटच गेले. अखेर २००४ साली शहराचा मध्यभाग दुसरीकडे नेण्याचे ठरले.

या स्थलांतरात सर्वांत अवघड होते ते तेथील लाकडी चर्च. १९१२ साली ते बांधले, तेव्हा त्याचा आकार सामी लोकांच्या झोपडीवरून घेतला होता. ते मोडून पुन्हा उभारण्याऐवजी अखंड उचलण्यात आले. ६७२ टन वजनाची ती वास्तू १९ ऑगस्ट २०२५ रोजी अनेक चाकांच्या वाहनांवर चढून निघाली. रस्ता आधीच रुंद करून ठेवला होता. अवघ्या पाच किलोमीटरांस दोन दिवस लागले! नगरवासी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून आपले चर्च जाताना पाहत होते. प्रवाशांचे मोटारहोम हौसेने चालते, सामींचे तंबू पोटासाठी चालत. किरुनाचे चर्च मात्र निरुपायाने चालले.

हा प्रश्न तेथेच संपला नाही. २०२३ च्या जानेवारीत किरुनाजवळ दुर्मिळ धातूंचा मोठा साठा असल्याचे जाहीर झाले. विजेच्या मोटारी बनविण्यास असे धातू लागतात. परंतु गाब्ना या सामी पशुपालक संघाचे म्हणणे असे, की तेथे खाण झाली, तर उन्हाळी व हिवाळी कुरणे जोडणारी वाट तुटेल. चर्च उचलून दुसरीकडे ठेवता आले. कळपाची वाट तशी उचलून ठेवता येत नाही.

किरुनाहून नॉर्वेतील नार्विक बंदराकडे जाणारी खनिजाची रेल्वे १९०२ सालीच तयार झाली होती. मोटारीचा रस्ता मात्र १९८४ साली झाला. टोर्नेत्रेस्क सरोवराच्या काठाने तो डोंगरात चढतो. येथे मुक्कामाचा मोह कोणासही पडावा. स्वीडन आणि नॉर्वे या देशांत माळरानातून व अरण्यातून पायी हिंडण्याचा, रात्रीपुरता तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना आहे. नॉर्वेत तसा कायदाच १९५७ साली झाला. परंतु हा हक्क पायांना आहे, चाकांना नाही. मोटारहोमने रस्ता सोडून रानात शिरावयाचे नसते.

नार्विकपासून सातशेहून अधिक किलोमीटर गेल्यावर नॉर्डकॅप येते. समुद्रातून ३०७ मीटर उंच उठलेला हा कडा मागेरोया नावाच्या बेटावर आहे. शेजारचे एक सखल टोक याहूनही थोडे उत्तरेस आहे. पण तेथे पायीच जावे लागते, म्हणून बहुतेक लोक कड्यावरच समाधान मानतात. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत येथे सूर्य क्षितिजाखाली जात नाही. बेटावर येण्यासाठी १९९९ साली समुद्राखालून सुमारे सात किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला. मोटारहोम त्या बोगद्यात उतरते आणि काही मिनिटांत पलीकडे बाहेर पडते. सामींचे कळपही उन्हाळ्यात याच बेटावर चरतात. वसंत ऋतूत त्यांना बोटींतून आणतात. परंतु हिवाळा जवळ आला म्हणजे ते रेनडिअर थंडगार सामुद्रधुनीत उतरतात आणि त्या बोगद्याच्या वरच्या पाण्यातून पोहत मुख्य भूमीकडे परत जातात.