निर्लेखित बसचे उत्तरायुष्य

परभणी ते पूर्णा या लोहमार्गावरील पिंगळी हे गाव जाणकारांना तेथील प्राचीन बारवेमुळे ठाऊक असले, तरी सामान्य प्रवाशाच्या दृष्टीने ते एक छोटे स्थानक आणि एक एसटीचा थांबा एवढेच असते. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्यानेच १९३२ साली २७ मोटारी घेऊन रस्त्यावरील प्रवासी वाहतूक आरंभिली, आणि मराठवाड्यातील सरकारी मोटारीची परंपरा तेथून सुरू होते. पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली ती त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी. या नव्वदांहून अधिक वर्षांत ज्या गाड्यांनी या मुलखातील विद्यार्थी, रुग्ण, माहेरवाशिणी आणि बाजारकरी वाहून नेले, त्यांचे आयुष्य सरल्यावर पुढे काय होते, याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो.

होते ते असे. गाडीचे वय, तिने कापलेले अंतर आणि दुरुस्तीवर होणारा खर्च यांचा हिशेब आगाराच्या दप्तरात सतत चालू असतो, आणि तो खर्च परवडेनासा झाला की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, मंजुरी येते, उपयोगी सुटे भाग काढून घेतले जातात आणि उरलेला सांगाडा लिलावात भंगाराच्या भावाने निघतो. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. परंतु ज्या कसोटीवर गाडी बाद ठरते ती कसोटी रस्त्याची असते, हे विसरता कामा नये. रोज शेकडो किलोमीटर धावण्यास असमर्थ ठरलेले यंत्र आणि छप्पर, खिडक्या, आसने व दरवाजा शाबूत असलेली एक बंदिस्त खोली, अशा दोन वस्तू त्या एका गाडीत असतात, आणि पहिलीचे आयुष्य संपले म्हणून आपण दुसरीचेही संपवितो. एसटी महामंडळाला हा भेद अपरिचित नाही. २०२० साली प्रवासी वाहतूक ठप्प झाली, तेव्हा महामंडळाने आपल्याच जुन्या बसगाड्यांचे रूप पालटून त्या मालवाहतुकीला जुंपल्या.

पुण्याने याहून धाडसी प्रयोग केला. उल्का सादळकर आणि राजीव खेर यांच्या उद्योगाने २०१६ साली पुणे महानगर परिवहनच्या बाद झालेल्या बसगाड्या घेऊन त्यांतून स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभी केली आणि त्यांना ‘ती’ असे नाव दिले. जंगली महाराज रस्त्यावरील संभाजी उद्यानापाशी उभ्या राहिलेल्या अशा गाडीत आसनांच्या जागी शौचकूप आणि हात धुण्याची भांडी आली, तान्ह्या मुलाला पाजण्याची व त्याचे कपडे बदलण्याची सोय झाली, टपावर सौरपट्ट्या बसल्या, आणि देखभालीला एक स्त्री कर्मचारी नेमली गेली. प्रारंभी आकार पाच रुपयांचा होता. हा धर्मादाय संस्थेचा नव्हे, खासगी उद्योगाचा व्यवहार, हे खरे. पण बाजाराच्या दिवशी किंवा लांबच्या प्रवासात ज्या स्त्रीने तासन्‌तास पाणी न पिता काढले असेल, तिला या कामाची थोरवी सांगावी लागणार नाही.

या कल्पनेची मूळ प्रेरणा अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को नगरातून आली होती. तेथे डोनीस सँडोव्हल या बाईंनी ‘लाव्हा मे’ नावाची संस्था काढून, नगर परिवहन संस्थेने दान दिलेल्या निवृत्त बसगाड्यांत बेघर लोकांसाठी फिरती स्नानगृहे केली आणि २०१४ साली ती रस्त्यावर आणली. पाणी घेतले जाई ते अग्निशमनासाठी रस्त्याकडेला बसविलेल्या नळांचे. या संस्थेचा पुढचा अनुभव आपल्याला अधिक बोधप्रद आहे. जुन्या बसचे यंत्र सांभाळणे खर्चाचे पडू लागले, तेव्हा तिने ओढून नेता येणाऱ्या, इंजिन नसलेल्या गाड्यांची कास धरली. म्हणजे दान मिळालेली गाडी फुकट असते, ती चालविणे फुकट नसते. सिएटल ज्या परगण्यात आहे त्या किंग परगण्याच्या परिवहन विभागाने तर मोठ्या बसऐवजी निवृत्त लहान प्रवासी गाड्या स्थानिक सेवाभावी संस्थांना देण्याचा शिरस्ता पाडला. वृद्ध, अपंग आणि निर्धन यांची ने-आण त्यांतून होते, आणि विमा, इंधन, दुरुस्ती यांचा भार गाडी घेणाऱ्या संस्थेवर असतो.

केरळातील उदाहरण आपल्याला जवळचे. तिरुवनंतपुरमच्या मणक्काड येथील सरकारी शाळेला २०२२ साली राज्य परिवहनच्या जुन्या बस वर्गखोल्यांसाठी देण्यात आल्या. त्या खालच्या तळाच्या होत्या, ही लहानशी वाटणारी बाब मला महत्त्वाची वाटते, कारण आपल्या एसटीची पहिली पायरी गाठण्यासाठी धट्ट्याकट्ट्या माणसालाही दांडा धरावा लागतो. बालवाडीच्या मुलाला आणि गुडघे धरलेल्या आजीला ती गाडी जागच्या जागी उभी असूनही परकीच राहील. चाके काढून सांगाडा जोत्यावर बसविणे, किंवा दारापुढे दगडमातीचा उतार घालणे, हे आपल्याकडे दानानंतरचे पहिले काम होय. दुसरे काम सावलीचे. मराठवाड्याच्या वैशाखात पारा चाळिशीपलीकडे गेला की पत्र्याच्या त्या खोलीत दुपारी बसवत नाही; गाडी लिंबाच्या झाडाखाली तरी उभी राहावी, नाही तर तिच्यावर पऱ्हाट्यांचे दुसरे छप्पर तरी असावे, आणि सरकत्या काचा शेवटच्या खिडकीपर्यंत चालत्या असाव्यात.

आता कायद्याकडे वळले पाहिजे, कारण येथे काळ थोडा आहे. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकृत होणार नाही असे ठरविले. १ एप्रिल २०२३ पासून हा नियम लागू झाला, राज्य परिवहन उपक्रमांच्या बसगाड्याही त्यात आल्या, आणि पंधरा वर्षे भरलेली गाडी नोंदणीकृत मोडतोड केंद्रातच द्यावी असे बंधन पडले. धूर ओकणारी जुनी वाहने रस्त्यावरून हटावीत हा हेतू योग्यच आहे. पण जी गाडी पुन्हा रस्त्यावर येणारच नाही, जिचे इंजिन काढून घेतले आहे, तिच्यापासून हवेला कसला उपद्रव? अशा स्थावर उपयोगासाठी शासनाने स्पष्ट अपवाद करावा, आणि तो होईपर्यंत दानाचा निर्णय पंधरावे वर्ष उजाडण्याच्या बराच आधी घ्यावा.

पिंगळीसारख्या गावी अशी एखादी गाडी मिळालीच, तर तिचे काय करावे? पुण्याचा कित्ता मी येथे गिरवू देणार नाही. ‘ती’ची गाडी नगराच्या पाण्यावर आणि गटारावर उभी राहिली; जेथे भुयारी गटार नाही तेथे शोषखड्डा, पाण्याची टाकी आणि रोजचा सफाईगार यांवाचून तेच स्वच्छतागृह महिनाभरात कुलूपबंद होईल. अभ्यासिकेला मात्र सावली, वीज आणि विश्वासाचा एक किल्लीदार एवढेच लागते. पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी किती तरी मुले-मुली खेड्यात एका खोलीच्या घरात, दूरदर्शन संचाच्या आवाजात, पुस्तक उघडून बसलेली असतात. मुलींना तर गावाच्या पारावर किंवा देवळाच्या ओवरीत रात्री बसण्याची मुभा नसते. दोन-दोन आसने समोरासमोर वळवून मध्ये फळी ठोकली, की पंचवीस-तीस जणांची सोय होते, आणि सामान ठेवण्याच्या वरच्या जाळीत पुस्तके राहतात.

यासाठी परभणीच्या विभाग नियंत्रकांकडे जाणारा अर्ज गावातील नोंदणीकृत संस्थेचा असावा, व्यक्तीचा नसावा. जागेबाबत ग्रामसभेचा ठराव, विजेच्या बिलाची ग्रामपंचायतीने घेतलेली हमी आणि गाडी विकता वा भाड्याने देता येणार नाही हा करार, एवढे कागद त्याला जोडलेले असले, आणि काम बंद पडल्यास सांगाडा महामंडळाकडे परत जाईल अशी अट त्यात असली, म्हणजे लिलावाचे उत्पन्न सोडून देण्यास अधिकाऱ्याला आपल्या कारकिर्दीची धास्ती वाटणार नाही. आज असा अर्ज आला तर तो कोणत्या नियमाखाली मंजूर करावा हेच आगाराला सापडू नये, अशी स्थिती राहता कामा नये. महामंडळाने दरवर्षी प्रत्येक विभागातून निदान एक गाडी या कामासाठी राखावी आणि तिची जाहिरात लिलावाच्या जाहिरातीबरोबरच, त्याच पानावर द्यावी.