पोलाद, गहू आणि आपलं जालना

शीतयुद्ध म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बर्लिनची भिंत, क्युबातली क्षेपणास्त्रं, चंद्रावर आधी कोण पोचतो त्याची शर्यत, नाहीतर जेम्स बाँडचे सिनेमे! शाळेत 'टिपा लिहा' मध्ये हा प्रश्न यायचा आणि आपण चार ओळी खरडून मोकळे व्हायचो. पण या भांडणाचा जालन्याशी काही संबंध असेल असं कुणाला वाटतं का? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या ताटापर्यंत येतो.

आपल्या एमआयडीसीची ओळख दोन गोष्टींनी आहे : स्टील आणि बियाणे. एकीकडे भंगार वितळवून सळई काढणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल, दुसरीकडे बियाणे कंपन्या. गंमत अशी की स्वातंत्र्यानंतर दोन महासत्तांनी भारताला आपल्याकडे ओढण्यासाठी ज्या वस्तू पुढे केल्या, त्यातही याच दोन ठळक होत्या. रशियाने पोलाद दिलं, अमेरिकेने धान्य.

१९४५ साली महायुद्ध संपलं आणि जगाचे दोन गट पडले. अमेरिकेच्या बाजूला भांडवलशाही देश, सोव्हिएत रशियाच्या बाजूला साम्यवादी. १९४९ मध्ये नाटो करार झाला, १९५५ मध्ये त्याला उत्तर म्हणून वॉर्सा करार. अणुबॉम्ब दोघांकडे, म्हणून समोरासमोर लढणं परवडणारं नव्हतं. मग नव्याने स्वतंत्र झालेले गरीब देश कुणाच्या बाजूला जातात यावर चुरस सुरू झाली. नेहरूंनी अलिप्त राहायचं ठरवलं. त्यामुळे दोघेही आपल्या दारात आले!

१९५५ मध्ये भिलाईच्या कारखान्यासाठी रशियाशी करार झाला आणि १९५९ मध्ये तिथली पहिली झोतभट्टी पेटली. त्याच काळात राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या मदतीने उभं राहिलं. बोकारोसाठी आपण अमेरिकेकडे मदत मागितली होती. पण सरकारी मालकीच्या कारखान्याला पैसा द्यायला तिथल्या संसदेत विरोध झाला. शेवटी १९६३ मध्ये भारताने मागणी मागे घेतली, आणि १९६५ मध्ये बोकारोचा करार रशियाशी झाला. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जाता येत होतं, हा अलिप्ततेचा रोकडा फायदा.

धान्याची गोष्ट मात्र इतकी सोपी नव्हती.

अमेरिकेत तेव्हा गहू गोदामात मावत नव्हता. १९५४ मध्ये त्यांनी 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा केला. आपल्याकडे तो 'पीएल-४८०' म्हणूनच ओळखला गेला. १९५६ मध्ये भारताने पहिला करार केला. सोय अशी की गव्हाचे पैसे डॉलरऐवजी रुपयांत द्यायचे. १९६० मध्ये आपले अन्नमंत्री, मुंबईचे स. का. पाटील यांनी चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन गहू-तांदूळ आणण्याचा करार केला. शहरातली रेशनची दुकानं त्यावर चालू लागली. स्वस्त धान्य मिळतंय म्हटल्यावर शेतीकडे लक्ष कमी झालं, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे.

१९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. १९६६ मध्ये जवळपास १ कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. त्यातच व्हिएतनाम युद्धावर भारत टीका करत होता, ते अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांना झोंबत होतं. त्यांनी गहू थोडा थोडा, बघून बघून सोडायला सुरुवात केली. जहाज बंदराला लागलं तर रेशन, नाहीतर नाही! मदत देणाऱ्याच्या हातात दोरी कशी असते ते देशाला तेव्हा कळलं.

इथून जालन्याची गोष्ट सुरू होते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे 'महिको' सुरू केली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. त्याच वर्षी सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. तिची मादी ओळ अमेरिकेतली, नर ओळ दुसरी, आणि दोघांचा संकर भारतात. संकरित ज्वारी-मक्याच्या संशोधनात अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचा मोठा हात होता. पण संकरित बियाणं घरच्या कणगीतून पेरता येत नाही, दरवर्षी नव्याने तयार करावं लागतं. मग शेतकऱ्यांच्याच शेतात बीजोत्पादन, तपासणी, प्रक्रिया, पॅकिंग अशी सगळी साखळी बसवावी लागली. संशोधन बाहेरून मिळालं, ही साखळी मात्र इथल्या माणसांनी उभी केली. १९६५ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या असं जाहीर केलं, ते याच 'हायब्रीड'च्या भरवशावर.

'हरितक्रांती' हा शब्दसुद्धा शीतयुद्धातलाच बरं का! १९६८ मध्ये अमेरिकन अधिकारी विल्यम गॉड यांनी तो वापरला, रशियाच्या लाल क्रांतीला उत्तर म्हणून.

खरी परीक्षा १९७२ च्या दुष्काळात झाली. बांगलादेश युद्धामुळे अमेरिकेने १९७१ च्या शेवटी मदत थांबवली होती. त्यातच १९७२ मध्ये रशियाचं स्वतःचं पीक बुडालं, आणि त्याने अमेरिकेकडूनच प्रचंड गहू उचलला. शत्रूला गहू विकायला अमेरिकेची हरकत नव्हती! जगाच्या बाजारात भाव भडकले. मराठवाड्यातला माणूस खडी फोडत होता आणि रेशनवर तांबडी मिलो खात होता. आपल्या आजी-आजोबांना विचारा, मिलोची भाकरी कशी लागायची ते अजून सांगतील. १९७३ मध्ये रशियाने २० लाख टन धान्य उसनं दिलं. १९७४ मध्ये अमेरिकेने गव्हापोटी साठलेल्या रुपयांपैकी १६६४ कोटी भारताला सोडून दिले.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि हे प्रकरण मिटलं. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळालं. २०१७ मध्ये ते गेले.

थोडक्यात काय, तर भिलाई असो की सीएसएच-१, तंत्रज्ञान दोन्हीकडे बाहेरचंच होतं. पण गहू खाल्ला की संपतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरावा लागतो. भट्टी चालवायला किंवा बियाणं करायला शिकलो की ते आपल्याकडे राहतं. अर्थात दोरी कायमची सुटते असंही नाही. २००२ मध्ये बीटी कापूस आला, तो महिकोनेच मोन्सँटोबरोबर आणला, आणि त्यातल्या जनुकाचे पैसे शेतकऱ्याच्या पाकिटातून बाहेर जात राहिले. म्हणजे प्रश्न तोच, फक्त गव्हाच्या जागी पेटंट.

उद्या आपल्यातले कितीतरी जण समोरच्याच कारखान्यांत ट्रेनी म्हणून जातील. तिथलं मशीन कोणत्या देशाचं आहे हे बघालच. ते बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस कुठून येतो, तेही बघा.