नेयवेलीच्या खाणीत हरवलेला रोज

चेन्नई : या महानगराला लागणाऱ्या विजेत आणि पाण्यात नेयवेलीचाही वाटा आहे. चेन्नईपासून दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, कडलूर जिल्ह्यात हे खाणींचं गाव आहे. तिथे लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा सापडला आणि १९५६ साली केंद्र सरकारने त्यासाठी महामंडळ स्थापन केलं. १९५७ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते खाणीचं उद्घाटन झालं, १९६१ मध्ये कोळशाचा थर उघडा पडला. या थराखालच्या भूजलाला प्रचंड दाब आहे. ते उपसत राहिलं नाही तर खाणीचा तळ फुटेल, म्हणून पंप रात्रंदिवस चालतात, आणि टंचाईच्या काळात यातलं पाणी चेन्नईपर्यंतही येतं. वीज, पाणी, कोळसा या सगळ्याचं मोजमाप चोख होतं. खाणकामगाराच्या बायकोने काय गमावलं, ते मात्र कुणी मोजत नाही. माझं म्हणणं असं, की खाण येण्याआधी ही बाई स्वतः कमावती असते. खाण आल्यावर ती फक्त कुणाची तरी बायको उरते, आणि हा बदल कायद्याने व भरपाईच्या रीतीने घडवलेला आहे.

खाणीच्या आसपासचा मुलूख शेतीचा आहे. भाताची लावणी, खुरपणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणं ही बायकांची कामं. शेजारच्या पणरुटीकडे काजू आणि फणस पिकतो. काजूगर काढताना टरफलातल्या तेलाने बायकांची बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. हे काम सुखाचं नाही आणि मजुरीही बेताचीच; पण तो रोज तिच्या हातात पडतो. दोन शेळ्या पाळाव्यात, बांधावरचा चारा-सरपण आणावं, एवढा आधार गावाच्या जमिनीचाही असतो. भूसंपादन झालं की सातबाऱ्यावर ज्याचं नाव (इकडे त्या उताऱ्याला पट्टा म्हणतात) त्याला पैसे मिळतात. घरातल्या एखाद्या पुरुषाला काम मिळालं तर तेही बहुधा कंत्राटी. भूमिहीन घरातल्या बाईचा रोज तेवढा कायमचा बुडतो. काही किलोमीटरवरच्या पुनर्वसन वसाहतीत ती राहायला जाते. भाषा तीच, जिल्हा तोच, तरी ती स्थलांतरितच. कारण तिला कामाला बोलावणारं शेत तिथे नसतं, आणि सरपणापासून भाजीपर्यंत सगळं विकत घ्यावं लागतं. नवऱ्याच्या पाळीप्रमाणे स्वयंपाक, पाळीप्रमाणे झोप, आणि खर्चासाठी त्याच्यापुढे हात, असा तिचा दिवस होतो.

कोळशाने हे पहिल्यांदा केलेलं नाही. झरिया आणि राणीगंजच्या खाणींत एके काळी नवरा कोळसा फोडी आणि बायको टोपलीने वाहून नेई. कुटुंबच्या कुटुंब खाली उतरत असे. १९२९ च्या नियमांनी बायकांना टप्प्याटप्प्याने जमिनीखालून बाहेर काढायला सुरुवात झाली. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ मध्ये ही बंदी उठवली, गरज सरल्यावर १९४६ मध्ये पुन्हा घातली. १९५२ च्या खाण कायद्याने ती कायम केली आणि जमिनीवरच्या कामालाही सकाळी सहा ते संध्याकाळी सात ही मर्यादा घातली. उघड्या खाणीतली रात्रपाळी बायकांना मिळायला २०१९ ची अधिसूचना यावी लागली.

यावर कुणी म्हणेल, ही बंदी बाईच्या जिवासाठीच होती. खाणीतला धोका खरा आहे, हे मान्य. पण बंदी घालताना बुडालेल्या मजुरीच्या बदल्यात काय द्यायचं, याचा विचार झाला नाही, आणि युद्धाच्या गरजेपुढे तो धोकाही बाजूला ठेवला गेला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : महामंडळाच्या नेयवेलीतल्या कामगार वसाहतीत शाळा, दवाखाना, झाडांच्या रांगांतली घरं आहेत, कोरडवाहू शेतीतल्या मजुरीपेक्षा हे जिणं बरंच नाही का? कायम कामगाराच्या घराला हे लागू पडतं. त्या घरातल्या मुली शिकल्या, ही मोठीच गोष्ट. कंत्राटी कामगाराचं बिऱ्हाड मात्र बहुतेक वेळा या वसाहतीबाहेरच असतं. शिवाय घरात पैसा वाढला म्हणजे बाईच्या हाती वाढला, असं होत नाही. जुलै २०२३ मध्ये नेयवेलीजवळच्या वळैयमादेवी गावात खाणीच्या कालव्यासाठी उभ्या भातात यंत्रं घातली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयानेही हळहळ व्यक्त केली. चर्चा झाली ती पिकाच्या भरपाईची. त्या पिकाच्या कापणीवर ज्यांचा रोज ठरलेला होता, त्या बायकांचा प्रश्न मागेच राहिला.

बाईचा वाटा तिच्याच नावाने द्यावा, हा विचार तमिळनाडूला परका नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क या राज्याने १९८९ मध्ये दिला, महाराष्ट्राच्या पाच वर्षं आधी. सप्टेंबर २०२३ पासून पात्र गृहिणींना दरमहा हजार रुपये मिळतात, आणि सरकार ते बायकांच्या बिनपगारी घरकामाची दखल म्हणून देतं. मग हाच न्याय खाणीच्या कडेला का थांबावा? २०१३ चा केंद्रीय भूसंपादन कायदा शेतमजुरांना बाधित मानतो. पुनर्वसनाचं घर नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर देता येईल, असंही म्हणतो. ‘देता येईल’ इथे ‘दिलंच पाहिजे’ हवं. संपादनापूर्वीच्या पाहणीत प्रत्येक बाईची मजुरी, शेळ्या, काजूचं काम यांची तिच्या नावाने नोंद व्हावी, त्याची भरपाई तिच्या खात्यात जावी, आणि खाणीतल्या नव्या नोकऱ्यांत तिला शिकवून जागा द्यावी. वणी-बल्लारपूरच्या कोळसापट्ट्यातही जमिनी जातच आहेत, तेव्हा महाराष्ट्रानेही हीच मागणी उचलून धरायला हवी. कोळशाची खरी किंमत काढायची तर बुडालेला हा रोज त्यात धरावाच लागेल.