नवाबचं दुखणं

लेकीच्या हट्टापायी घरात गिनीपिग आला. त्याचं नाव नवाब. एकदा लघवी करताना तो बारीक किंचाळू लागला, कापडावर लालसर डाग दिसले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मूत्राशयात खडा! शस्त्रक्रियेने काढला, आणि आठ महिन्यांनी पुन्हा तेच.

आपलं शरीर साधारण गरजेपुरतं कॅल्शियम घेतं. गिनीपिग मात्र खाण्यातलं बरंचसं शोषून घेतो आणि जादाचं लघवीवाटे टाकतो. म्हणून त्याची लघवी मुळातच गढूळ. तिच्यात रेतीसारखा साका दिसला, की सावध व्हायचं. आणि मी? ईदच्या बकऱ्याला चारावा तसा त्याला रोज कौतुकाने लसूणघास चारत होतो. त्यात कॅल्शियम भरपूर!

आता साधं वाळलेलं गवत, ‘क’ जीवनसत्त्वासाठी ढोबळी मिरची (हे जीवनसत्त्व आपल्यासारखंच त्याच्याही शरीरात तयार होत नाही) आणि पाणी. भाजी धुऊन ओलीच देतो, तेवढंच पाणी पोटात जातं. एवढं करूनही खडा होऊ शकतो, असं डॉक्टर बजावतात. घरातलं उरलंसुरलं औषध मात्र द्यायचं नाही. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर त्याच्या जिवावर बेततात.

रोज सकाळी त्याच्या पिंजऱ्यातलं कापड मी खिडकीशी नेऊन बोटांनी चाचपतो. आज रेती लागली नाही.