हळद, पळसपान आणि तीन साक्षीदार

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भाताची झोडणी उरकते, तुळशीचे लग्न लागते आणि मग माणसांच्या लग्नांचा मोसम सुरू होतो. तो चालतो थेट पहिल्या पावसापर्यंत. किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंत रस्त्याकडेला मांडव दिसतात, हळदीच्या रात्री डीजे वाजतो आणि अनेक घरांत त्या दोन दिवसांचे कर्ज पुढची काही वर्षे फिटत राहते.

या मोसमात एखादी जोडी वेगळे काही मागते. धर्मविधी नकोत, देणेघेणे नको. शपथ आपल्या शब्दांत, सजावट आपल्या हातांनी, आणि दिवसभर हसणे-खेळणे. घरात लगेच प्रश्न सुरू होतात: असे लग्न चालते का? कागद मिळतो का? लोक काय म्हणतील? बहुतेक वेळा ऐकीव उत्तरांवरच निर्णय होतो. या प्रश्नांची खरी उत्तरे कायद्यात आहेत, इतिहासात आहेत आणि निम्मी तर याच दोन तालुक्यांच्या रानात आहेत.

गैरसमज : नोंदणी विवाह म्हणजे कचेरीत सही, सोहळा नाहीच

वस्तुस्थिती : विशेष विवाह कायदा, १९५४ याच्या कलम १२ नुसार वधू-वरांना हव्या त्या पद्धतीने लग्न लावता येते. मात्र विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांचा कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे तोंडाने म्हणावे लागते. भाषा दोघांना समजणारी असली की पुरे. त्या वाक्याच्या आधी वा नंतर हार घाला, झाड लावा, तारपा वाजवा. कायद्याची हरकत नाही.

हे लग्न कचेरीबाहेरही लागू शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा नोंदणी विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांच्या राहत्या घरी झाला. डेप्युटी कमिशनर रामेश्वर दयाळ नोंदणी अधिकारी म्हणून घरी आले होते. पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांनी १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत असेच नोंदणी पद्धतीने लग्न केले. अर्जाला लागलेल्या आठ आण्यांची त्या लग्नाची गोष्ट मराठी वाचकांच्या चांगल्याच ओळखीची आहे.

आजच्या कायद्यातही अधिकाऱ्याच्या कार्यालयापासून ‘वाजवी अंतरावर’, जास्तीचे शुल्क भरून, लग्न लावण्याची सोय आहे. पण विवाह अधिकाऱ्याचे कार्यालय ठाणे शहरात, म्हणजे शहापूर किंवा मुरबाडपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. अधिकारी अंगणात येतील असे गृहीत धरून पत्रिका छापू नयेत, नोटीस देतानाच विचारून घ्यावे. जमत नसेल तर कामाच्या दिवशी तीन साक्षीदारांसह कार्यालयात घोषणा आणि रविवारी गावी सोहळा, हा सरळ मार्ग आहे.

गैरसमज : हे शहरातून आलेले नवे खूळ आहे

वस्तुस्थिती : २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचे लग्न भटजींशिवाय लागले. सावित्रीबाई त्या लग्नामागे खंबीरपणे उभ्या होत्या. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधींचे पुस्तकच काढले. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात आणि वधू आपल्या हक्कांची भाषा करते. सत्यशोधक विवाहात निर्मिकाचे, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याचे, स्मरण असते, त्यामुळे तो पूर्ण निधर्मी म्हणता येणार नाही. पण मध्यस्थ नको आणि उधळपट्टी नको, हे दोन्ही आग्रह तिथलेच.

ही गोष्ट मुरबाडकरांना फार लांबचीही नाही. मुरबाडहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला जातो. या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८० च्या दशकात घरचे लग्न पुरोहिताला न बोलावता लावले. आपली दक्षिणा बुडाली म्हणून ग्रामजोशी कोर्टात गेले. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १८९० मध्ये निकाल पाटलांच्या बाजूने लागला. डीजे, ड्रोन आणि फुलांच्या कमानी यांच्या कितीतरी आधी घाटमाथ्यावरच्या एका शेतकऱ्याने साध्या लग्नाचा हक्क कोर्टात मिळवला होता.

घाटाखालीही लग्न लावण्याचा मान सगळीकडे पुरुष पुरोहिताकडे नव्हता. वारली लग्नात धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. आगरी घरांत धवलारणीच्या धवल्याशिवाय, म्हणजे तिच्या लग्नगीतांशिवाय, हळदीपासून पुढचे पाऊल पडत नाही. हे विधी धार्मिकच आहेत, पण गावातली एक जाणती बाई उभी राहून लग्न लावते, हे दृश्य इथल्या आजीला नवे नाही. निधर्मी लग्नात शपथ कोणी वाचून घ्यायची, असा प्रश्न पडला तर शाळेच्या बाई, आत्या किंवा शेजारची आजी ही उत्तरे या मातीत मुरलेलीच आहेत.

गैरसमज : अंगणात शपथ घेतली, ग्रामपंचायतीतून दाखला काढला, की झाले

वस्तुस्थिती : इथे सर्वांत मोठी चूक होते. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम ७ नुसार दोघांपैकी एकाच्या तरी रूढीप्रमाणे विधी झालेले असावे लागतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी प्रकरणात स्पष्ट केले की, विधीच झाले नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. ग्रामपंचायतीतला दाखला राज्याच्या १९९८ च्या कायद्याखाली मिळतो. तो झालेल्या लग्नाची नोंद असतो. न झालेले लग्न त्याने लागत नाही.

तमिळनाडूने पेरियार यांच्या चळवळीतल्या स्वाभिमान विवाहांसाठी हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घातले. तिथे नातलग-मित्रांसमोर हार किंवा अंगठी घातली तरी लग्न कायदेशीर ठरते. महाराष्ट्रात तसे कलम नाही. म्हणून विधी नको असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदाच धरावा. शहापूर-मुरबाडमध्ये ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा अनुसूचित जमातींची वस्ती मोठी आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लागू नाही, तिथे रूढी चालते. विशेष विवाह कायद्याची वाट मात्र त्यांनाही पूर्ण खुली आहे.

गैरसमज : धर्म सोडावा लागतो, आईवडिलांची सही लागते आणि आठवड्यात काम होते

वस्तुस्थिती : यातले एकही खरे नाही. आपण अमुक धर्माचे नाही असे जाहीर करायला लावणारा कायदा १८७२ चा होता. १९५४ च्या कायद्यात धर्म विचारून अडवत नाहीत, सोडायलाही सांगत नाहीत. वराचे वय २१ आणि वधूचे १८ पूर्ण हवे. आईवडिलांच्या संमतीची अट नाही.

वेळ मात्र लागतो. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस वास्तव्य असावे लागते. नोटीस कार्यालयात लावली जाते आणि ३० दिवस थांबावे लागते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती बाद होते. म्हणजे १ मार्चला नोटीस दिली तर एप्रिल आणि मे हे दोन महिने हाती राहतात. पत्रिका आधी आणि नोटीस नंतर, या उलट्या क्रमाने कितीतरी घरांची धावपळ होते.

हरकत कोणीही घेऊ शकतो, पण कारणे ठरलेली आहेत: आधीचे लग्न कायम असून तो जोडीदार हयात असणे, संमती देण्यास मानसिकदृष्ट्या असमर्थ असणे, वय कमी असणे किंवा नाते निषिद्ध असणे. जात वेगळी आहे किंवा घरच्यांना पसंत नाही, ही कारणे त्या यादीत नाहीत. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न ठरले असेल तर मात्र आधी वकिलाला विचारावे. आपल्याकडे रूढ असलेले हे नाते या कायद्याच्या निषिद्ध यादीत आहे आणि त्यातून सुटका मिळायला रूढीची सरकारी अधिसूचना लागते.

समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला आहे आणि जमिनीचा विषय घरोघरी नाजूक आहे. त्यामुळे ‘असे लग्न केले की जमिनीतला हिस्सा जातो’ ही भीती लगेच पसरते. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा वारसाहक्क पूर्वीसारखाच राहतो. जोडीदारांपैकी एक या चार धर्मांबाहेरचा असेल तर एकत्र कुटुंबापासून कायद्याने विभक्त झाल्याचे मानले जाते आणि वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. अशा जोडीने जमिनीचे कागद लग्नाआधीच जाणकाराला दाखवलेले बरे.

गैरसमज : सगळे हाताने केले की लग्न फुकटात होते

वस्तुस्थिती : पैसे वाचतात, पण त्या जागी दिवस खर्च होतात. पत्रावळीचेच पाहा. तीनशे माणसांची पंगत धरली तर तीनशे पत्रावळी, प्रत्येकी दोन म्हणजे सहाशे द्रोण, आणि वर दहावा हिस्सा जादा. एकूण हजाराच्या घरात नग झाले.

पळसाची पाने सावलीत पसरून, दाबून ठेवतात. शिवायला बसण्याआधी पाण्याचा हात देऊन ती मऊ करतात. मधोमध मोठे पान, त्याच्या कडेवर दुसरे, त्यावर तिसरे, असा फेर धरत बांबूच्या बारीक काडीने टाके घालत जायचे. टाका जवळ पडला तर आमटी पानात राहते. लांब पडला तर ती खालच्या सतरंजीवर उतरते. सवयीच्या बाईची बोटे न बघता चालतात, नवख्याच्या हातात पान फाटते. दहा पत्रावळी आधी करून, त्यात आमटी ओतून पाहणे हीच खरी रंगीत तालीम.

शिवाय पळस माघ-फाल्गुनात पाने झाडतो. बिनपानांच्या फांद्यांवर केशरी फुले येतात, ती याच दिवसांत. लग्न मार्चमध्ये असेल तर पाने दिवाळीनंतरच गोळा करून गड्ड्या बांधून ठेवायला हव्यात. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटांवर आणि सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पानाची पत्रावळ ही केवळ हौस राहिलेली नाही.

हे काम कोणाच्या अंगावर पडते, हेही आधी ठरवावे. ‘घरीच करू’ याचा अर्थ पुष्कळदा ‘घरातल्या बायका करतील’ असा निघतो. नवरदेव आणि त्याचे मित्र टाके घालायला बसले, तरच समतेची शपथ खरी वाटते. टोपल्या, सुपे, डालगी वाडीतल्या कारागिरांकडून घ्यायची असतील तर महिनाभर आधी सांगावे, घासाघीस न करता मोल द्यावे.

गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढून घेताना आणखी एक भान हवे. वारली लग्नातला चौक ही नुसती नक्षी नाही. त्यात पालघट देवी असते, ती पूजेची जागा आहे. देवाविना लग्न करणाऱ्यांनी तो चौक फोटोच्या पडद्यासाठी मागणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेचा शोभेसाठी वापर करणे. चित्रकाराकडून लावणी, झाडे, पाखरे, तारप्याचा फेर, दोघांच्या भेटीची गोष्ट काढून घ्यावी. तिथे त्याच्या हातालाही मोकळीक मिळते.

गैरसमज : विधी काढले की जुन्यातले काहीच उरत नाही आणि लग्न कोरडे होते

वस्तुस्थिती : मराठी लग्नातल्या खूपशा गमतीजमतींना मंत्र लागतच नाही. उखाणा घ्यायला मुहूर्त नको. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळावा, विहिणींनी एकमेकींना गाण्यातून चिमटे काढावेत, दोघांनी हळदीच्या पाण्यातली सुपारी शोधावी, हे सगळे निधर्मी लग्नात जसेच्या तसे बसते.

आणि हाताने केलेल्या गमतीदार वस्तूंचे प्रदर्शन तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मांडले जाते. त्याचे नाव रुखवत. लोकरीच्या बाहुल्या, साबणाचे बदक, शिंपल्यांचे तुळशीवृंदावन, काड्यापेटीचा बंगला: मुलीच्या आत्या-मावश्या रात्री जागून हे करायच्या. बदल एवढाच करायचा की रुखवत दोन्ही घरांनी मांडायचे. मुलाच्या मामाने कोरलेला पोळपाट आणि मुलीच्या बाबांनी विणलेली टोपली एकाच टेबलावर आली, की मुलीकडचे-मुलाकडचे हा भेद तिथेच थोडा पुसट होतो.

गाणीबजावणी रात्री दहाच्या आत उरकावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. कर्ण्याविना वाजणारा ढोल आणि बायकांची गाणी तोवर छान रंगलेली असतात.

गैरसमज : गाव वाळीत टाकेल, काही करता येणार नाही

वस्तुस्थिती : सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य आहे. २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जातपंचायतीने लग्नावरून दंड मागितला, पाणवठा किंवा मयतीला येणे बंद केले, तर पोलिसांत तक्रार देता येते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा प्रकरणांत साथ देतात आणि सत्यशोधक पद्धतीची लग्नेही लावून देतात.

तरी कायद्याआधी ओटीवरचे बोलणे कामी येते. घरातल्या वडीलधाऱ्यांना लग्नाचा बेत शेवटच्या आठवड्यात कळला तर त्यांचे दुखावणे रास्त आहे. नोटीस देण्याच्या सुमारास त्यांना सांगितले आणि तीन साक्षीदारांपैकी एक सही आजोबांकडे मागितली, तर विरोध करणाराच पुष्कळदा कार्यालयात कपड्यांना इस्त्री करून सर्वांत आधी हजर होतो.

मे महिन्यात लग्न आटोपले, की पत्रावळी आणि द्रोण उकिरड्यात जातात आणि पुढच्या वर्षीचे खत होतात. रुखवतातल्या टोपल्या नातलग घेऊन जातात. मांडवाचे बांबू सोडून परसात नेऊन ठेवायचे. जूनमध्ये काकडी आणि शिराळ्याचे वेल वर चढू लागतात, तेव्हा त्याच बांबूंचा पुन्हा मांडव घालायचा असतो.